मधलीचा हात

मधलीचा उजवा हात एका सकाळी मनगटातून लोंबायला लागला, तो लोंबतच राहिला. मूठ वळायची, पण बोटं पुन्हा उघडायची नाहीत. आता कपड्यांच्या कारखान्यात कापड बेतणाऱ्या बाईला कात्री मिटता येते पण उघडता येत नाही, म्हणजे झालंच की कल्याण. मालकीणबाई दोन महिने जागा ठेवते म्हणाल्या, तेही नाक मुरडत.

मोठा भाऊ, म्हणजे दादा, तिला घेऊन डॉक्टर पालथे घालत सुटला. एकाने मानेचा फोटो काढला, दुसऱ्याने ताकदीची इंजेक्शनं टोचली. तिसरा म्हणाला, मनावर घेतलंय काहीतरी. ते ऐकून वहिनीचा चेहरा असा खुलला म्हणून सांगू, कारण ती पहिल्यापासून हेच म्हणत होती, की लग्न मोडून आलेल्या नणंदेला नुसते लाड हवे असतात. आणि कुठल्याही डॉक्टरने 'घरी काय करता?' विचारलं, की मधलीने तोंड उघडायच्या आत दादा उत्तर देऊन मोकळा. घरी कुठे काय, बसूनच तर असते.

चौथी डॉक्टरीण नसांची. तिने दंडाला बारीक करंट देऊन पाहिला. दंडाच्या मध्याखाली दिला की बोटं टणकन उडायची. जरा वर दिला की ढिम्म. नस तिथेच दबली होती. कशाने, ते तिने विचारलं, तसा दादा सरसावला.

"तुम्ही नाही. यांना सांगू द्या."

मधलीने सांगितलं. आडवं झालं की आईला धाप लागते, म्हणून ती बसून झोपते, मधलीच्या दंडावर डोकं टाकून. कामावरून आलं की हात पलंगाच्या लोखंडी कठड्यावर ठेवायचा आणि आई उठेपर्यंत हलायचं नाही. हाताला मुंग्या यायच्या, पण उशी दिली की आई ती ढकलून द्यायची. हे कुणाला सांगण्यासारखं काही आहे, असं मधलीच्या डोक्यातच आलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी मनगट उचलून धरणारी पट्टी दिली, व्यायाम दाखवले. म्हणाल्या, "दंडावर भार अजिबात नको. हात परत येईल. पण नस पुन्हा दबली, तर मी खात्री देणार नाही."

मधलीला भर रस्त्यात नाचावंसं वाटलं. ती ढोंगी नव्हती, आणि हात परत येणार होता. घरी पोचताच तिने वहिनीला सगळं सांगितलं आणि आईजवळ आता पाळीपाळीने बसू या का, असं विचारलं. वहिनीला नेमकी आपली पाठदुखी आठवली. दादा म्हणाला, त्याला आईची ही अवस्था बघवत नाही.

पलंगावरून आई पुटपुटली, "कुणीतरी या गं. डोळे मिटतायत."

कुणी जागचं हललं नाही.

"अगं, डावा आहे की अजून," दादा अगदी मायेने म्हणाला. मग उठून त्याने पलंग भिंतीपासून थोडा पुढे ओढला, मधलीला पलीकडे नीट बसता यावं म्हणून.

मधली पलीकडे जाऊन बसली. आईला लगेच झोप लागली.