एका पायाचे तीन पाय

मी एक जुना कृत्रिम पाय आहे. डावा, गुडघ्याखालचा. मित्रांनो, मला काही जाणवत नाही, म्हणून जे झालं तेवढंच सांगतो.

माझी मालकीण टपाल वाटायची. अपघातात तिचा पाय गेला, तेव्हा टपाल कचेरीच्या साहेबांनी तिचा वाटपाचा भाग तीन महिने राखून ठेवला. तेवढ्या मुदतीत तिनं चालायला लागायचं होतं.

कृत्रिम पाय बसवायच्या दवाखान्यात एका ओळीत तीन खोल्या होत्या. तिन्हींतली माणसं आपापल्या कामात पक्की. तिला दुखू लागलं, म्हणून साचेवाल्या काकांनी माझ्यात मऊ गादी बसवली. गादीमुळे मी बोटभर उंच झालो, ती लंगडू लागली. व्यायामाच्या बाईंनी तिला एका अंगाला झुकून चालायला शिकवलं. जोडणीवाल्यानं ते झुकणं पाहिलं आणि माझा घोटा तेवढाच तिरका केला. त्यानं दुखणं वाढलं. दुखणं म्हटलं की काका, आणि आणखी एक गादी.

तिन्ही खोल्यांतल्या तिच्या कार्डांवर ‘काम समाधानकारक’ असा शेरा होता. खोटं कुणीच लिहिलं नव्हतं. तिघे जिन्यात भेटले की नमस्कार व्हायचा. पायाचा विषय तेवढा निघत नसे. दुसऱ्याच्या कामात नाक कशाला खुपसा?

मुदत संपली. तिचा भाग दुसऱ्याला दिला गेला.

दुसऱ्या दिवशी तिची थोरली बहीण आली. दारं वाजवून तिघांना एका खोलीत आणलं आणि म्हणाली, “हिला पाय एकच हवाय हो. तुम्ही तिघांनी तीन केलेत.”

काकांनी मला उलटंसुलटं करून पाहिलं. “घोटा कुणी तिरका केला?”

“त्या झुकतात म्हणून मी,” जोडणीवाला म्हणाला.

“झुकायला मी शिकवलं,” बाई हळूच म्हणाल्या. “पाय उंच होता.”

काका गाद्या काढू लागले. तिचा पाय ज्यात बसतो तो माझा साचा एका जागी घासत होता, तेवढा त्यांनी तासला. घोटा सरळ झाला. तासाभरात ती दारापर्यंत सरळ चालत गेली. थोरली रडली. माझी मालकीण म्हणाली, “आता जायचंय कुठं?”

पुढे नऊ वर्षं ती टपाल कचेरीत शिक्के मारायच्या टेबलाशी बसली, मी टेबलाखाली.

आता मी त्याच दवाखान्यात शिकाऊंच्या कपाटात असतो. मित्रांनो, तुम्ही मला पुसता, तेल देता, बरं करता. पण कुणाच्याही पायाला हत्यार लावण्याआधी शेजारचं दार वाजवा. दोन दारांमध्ये सात पावलं आहेत. तीन महिने ती पावलं माझी मालकीण एकटीच चालत होती.