‘परत’ एवढंच बोलणारा मी

मी एक जुना रबरी शिक्का आहे. शाळांचा कारभार पाहणाऱ्या एका कार्यालयात, तळमजल्यावर, तिसऱ्या खिडकीमागच्या टेबलावर माझं बिऱ्हाड आहे. माझी लाकडी मूठ हातांच्या घामाने काळी पडली आहे आणि रबराची एक कड झिजली आहे. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, शिक्क्याला कसली आली आहे जीवनकहाणी? उचलला, शाईत बुडवला, आपटला, संपलं! खरं आहे. माझ्या अंगावर मोठा शब्द एकच आहे, ‘परत’. जन्मभर मी तेवढंच बोलत आलो. पण त्या एका शब्दाने मी एका लहान मुलीला किती छळलं, ते मला सांगायचं आहे. सांगताना माझा आवाज चढला तर चालवून घ्या.

माझा जन्म एका अरुंद गल्लीतल्या दुकानात झाला. शिक्के करणारे काका चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून बसायचे. त्यांनी चिमट्याने शिशाची बारीक अक्षरं उचलून उलटी जुळवली, त्यांचा साचा काढला आणि साच्यात रबर तापवून दाबलं. आम्हा शिक्क्यांच्या अंगावरची अक्षरं आरशात दिसतात तशी उलटी असतात. कागदावर उमटलो की सुलटी होतात. मागणी फक्त ‘परत’ या शब्दाची होती. काकांनी त्याच्याखाली ‘कारण’ हा शब्द आणि त्यापुढे टिंबांची एक ओळ आपल्या मनाने घातली.

मला न्यायला आलेले शिपाईमामा म्हणाले, “अहो, ही शेपटी कशाला जोडलीत? आम्ही सांगितली नव्हती.”

काका म्हणाले, “एखाद्याचा कागद परत करायचा तर का केला ते लिहायला नको? माणसाने घरी जाऊन करायचं काय, भिंतीला विचारायचं?”

शिपाईमामा हसले आणि मला खिशात टाकून घेऊन आले.

सुरुवातीची वर्षं माझी फार चांगली गेली. तिसऱ्या खिडकीवर तेव्हा मोठ्या बाई बसत. त्या प्रत्येक अर्ज पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. काही कमी असेल तरच मला उचलत आणि टिंबांच्या ओळीवर स्वच्छ अक्षरात लिहीत : ‘जन्माचा दाखला जोडावा’. मग खिडकीतून मान बाहेर काढून सांगत, “एवढं एक घेऊन या, पुढचं मी बघते.” दर शनिवारी त्या ओल्या फडक्याने माझं तोंड पुसायच्या. लोक म्हणायचे, “बाईंनी परत केलं ना, मग काम झालंच म्हणून समजा.” ते ऐकून माझी मूठ अभिमानाने ताठ व्हायची.

मोठ्या बाई निवृत्त झाल्या आणि त्यांच्या खुर्चीवर एक तरुण कारकून आला. कार्यालयात त्याला सगळे सुसाटराव म्हणत. संध्याकाळी त्याचं टेबल आरशासारखं लख्ख असायचं. साहेब इतरांना सांगायचे, “बघा, टेबल बघा! शिका जरा.” पण टेबल लख्ख कसं होतं, ते मला विचारा. समजला नाही तो कागद परत. लांबलचक दिसला तो कागद परत. चहाची वेळ झाली की उरलेले सगळे परत. ठप्प, ठप्प, ठप्प! खालची टिंबांची ओळ कोरीच. माझ्या अक्षरांच्या खाचांत शाईची पुटं चढली. मला कुणी पुसेना. त्याचं मला दुःख नव्हतं. न वाचलेल्या कागदांवर मला आपटत होते, ते मला सहन होत नव्हतं.

अशातच एके दिवशी खिडकीशी एक आई आली. तिची मुलगी दुसरीत होती. घरी तिला लाडाने भिंगरी म्हणत, कारण तिला स्वतःभोवती गोल फिरायला फार आवडायचं. भिंगरीला स्वमग्नता होती. मित्रांनो, हा शब्द नीट समजून घ्या. अशा मुलांना जग आपल्यापेक्षा वेगळं जाणवतं. तुम्हाला घंटा नुसती ऐकू येते, भिंगरीला ती कानात खिळा ठोकल्यासारखी लागायची. एकदम गलका झाला, ठरलेलं काही अचानक बदललं, की ती घाबरून जायची, आणि घाबरले हे शब्दांत सांगणं तिला जमायचं नाही. ती पळायची. वर्गातली मुलं हसायची. चाळीस मुलांच्या बाई एकट्या, तिच्यामागे धावणार की वर्ग सांभाळणार?

म्हणून तिच्यासाठी वर्गात एक मदतनीस ताई हवी होती. घंटेआधी तिला सांगणारी, पुढे काय होणार ते चित्र दाखवून समजावणारी, गोंधळ वाढला की शांत कोपऱ्यात घेऊन बसणारी. तशी ताई द्यायची असा नियमही होता. फक्त या कार्यालयाचा होकार हवा होता. शाळेने आईला स्पष्ट सांगितलं होतं, “महिनाअखेरपर्यंत होकार आणा. नाहीतर मुलीला घरी ठेवा, आम्हाला जबाबदारी घेता येणार नाही.”

आईने अर्ज दिला. सगळ्यांत वर वर्गाच्या बाईंचं पत्र होतं, खाली डॉक्टरांचा दाखला. सुसाटरावाने कागद उलटलेसुद्धा नाहीत. पत्राच्या तळाशी जागा दिसली, तिथे मला आपटलं. ठप्प!

“काय कमी आहे, भाऊ?” आईने विचारलं.

“कागद नीट बघा, ताई. कळेल. पुढचे कोण आहेत?”

बिचारीने घरी जाऊन सगळे कागद पुन्हा पुन्हा पाहिले असतील. कमी काही नव्हतंच, तर सापडणार काय? आठ दिवसांनी ती आणखी चार दाखले जोडून आली. या वेळी सुसाटरावाने डॉक्टरांच्या दाखल्यावर नजर टाकली आणि तो हसला.

“स्वमग्न? स्वमग्न म्हणजे आपल्यातच दंग असणारी ना? अहो ताई, हा तर स्वभाव झाला! आमचे साहेब काय कमी स्वमग्न आहेत? तीन हाका मारल्याशिवाय मान वर करत नाहीत.”

शेजारची टेबलं खो खो हसली.

आई म्हणाली, “तुमचे साहेब घंटा झाली की टेबलाखाली शिरतात का?”

हसणं थांबलं. सुसाटरावाचा चेहरा उतरला. “इतकं जड जात असेल तर साध्या शाळेत घालायचंच कशाला?” असं पुटपुटत त्याने मला उचललं. पहिल्या ठशाच्या अंगावरच दुसरा ठसा पडला. टिंबांची ओळ पुन्हा कोरी.

डॉक्टरांनी काळजीपूर्वक लिहिलेल्या शब्दाचा नुसता वरवरचा अर्थ लावायचा आणि त्यावर विनोद करायचा! मी रबराचा आहे म्हणून गप्प बसलो.

तिसऱ्या खेपेला महिना संपायला दोनच दिवस उरले होते. “मुलीला घेऊन या, बघू तरी,” असा साहेबांचा निरोप होता. आई भिंगरीला घेऊन आली. साहेबांना यायला उशीर झाला. दीड तास दोघी खिडकीसमोरच्या दाटीत उभ्या. वरचा पंखा खडखडत होता, कोणी फोनवर ओरडत होतं, दारं आपटत होती. भिंगरीने दोन्ही कानांवर हात घट्ट दाबले होते आणि ती पायांवर मागेपुढे झुलत होती. एक गृहस्थ म्हणाले, “मुलीला जरा वळण लावा.” आई मुलीच्या आणि गर्दीच्या मध्ये भिंत होऊन उभी राहिली.

साहेब आल्यावर दोघींना टेबलाशी बोलावलं. मी तेव्हा टेबलावर आडवा पडलो होतो, तोंड वर करून. भिंगरीची नजर माझ्यावर पडली. तिने कानांवरचा एक हात काढला, माझ्या उलट्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि हळूच वाचलं, “परत.”

मग तिचा चेहरा उजळला. “परत! परत!” म्हणत ती जागच्या जागी गोल फिरली.

मित्रांनो, तिच्या घरी ‘परत’ म्हणजे पुन्हा एकदा. झोका परत, गोष्ट परत, भिंगरी परत. तिचा सगळ्यांत आवडता शब्द माझ्या अंगावर होता, आणि मी तोच शब्द तिला हाकलून देण्यासाठी वापरत होतो! त्या क्षणी मला शाईची इतकी किळस आली की काय सांगू.

साहेब मात्र खूश झाले. “वा! उलटी अक्षरं वाचते की पोर! अहो, ही तर चांगली हुशार आहे. हिला कशाला हवी मदतनीस?”

“तेच तर,” सुसाटराव म्हणाला आणि त्याने सवयीने मला उचललं. ठप्प! तिसरा ठसाही त्याच जागी.

आईने भिंगरीला जवळ घेतलं. तिचा आवाज मोठा नव्हता, पण सगळी टेबलं ऐकत होती.

“मागच्या खेपेला हिला जमत नाही, म्हणून साधी शाळा नको म्हणालात. आज जमतंय, म्हणून मदत नको म्हणता. साहेब, नेमकं किती जमलं म्हणजे तुम्ही हो म्हणाल तेवढं सांगा. तेवढंच जमवून आणते.”

“तसं नाही हो, ताई...”

“मग कसं? आणि उद्या एखाद्या मुलाला उलटंसुलटं काहीच वाचता येत नसेल, तर त्याने तुम्हाला काय करून दाखवायचं?” आईने माझ्या ताज्या ठशाखाली बोट ठेवलं. “इथे ‘कारण’ लिहिलंय. पुढे जागा ठेवली आहे. तीन वेळा कोरी सोडलीत. आज लिहा. ‘मुलगी हुशार आहे म्हणून परत’, असं लिहा आणि खाली सही करा. मी घेऊन जाते.”

“तिथे कुणी लिहीत नसतं,” सुसाटराव म्हणाला.

“मोठ्या बाई लिहायच्या,” दारातून शिपाईमामा म्हणाले आणि लगेच छताकडे बघू लागले.

साहेबांनी पेन काढलं. टोपण उघडलं. पण पेन कागदाला टेकेना. कारण लिहायचं तर कारण असावं लागतं! ते शोधण्यासाठी त्यांनी अर्ज पुढे ओढला आणि पहिल्यांदाच वाचायला घेतला. वर्गाच्या बाईंच्या पत्राच्या तळाशी येऊन ते अडखळले.

“शेवटच्या ओळी दिसत नाहीत. शिक्क्याखाली गेल्यात. काय होतं इथे?”

आईला ते पत्र पाठ होतं. “‘मागच्या मंगळवारी मधल्या सुट्टीची घंटा होताच ती कान धरून पळाली आणि फाटकाबाहेर भर रस्त्यावर गेली. ट्रकवाल्याने वेळेवर ब्रेक दाबला म्हणून वाचली. वर्गात दुसरं माणूस नसेल तर पुढच्या वेळी काय होईल, मी सांगू शकत नाही.’ साहेब, ‘मागच्या मंगळवारी’ असं बाईंनी लिहिलं, त्याला आता महिना होत आला.”

साहेबांनी पेनाचं टोपण पुन्हा लावलं आणि पत्र उजेडाकडे धरून पाहिलं.

मित्रांनो, ते वाक्य माझ्या अंगाखाली होतं. मी तीन वेळा त्याच्यावर पडलो होतो. एका मुलीचा जीव जाता जाता राहिला, हे सांगणारं वाक्य मी माझ्या शाईने बुजवून टाकलं होतं! ते लपवायचा कुणाचा बेत नव्हता, हे मला ठाऊक आहे. कुणी वाचलंच नव्हतं. पण रस्त्यावर उभ्या असलेल्या त्या मुलीला या दोन्हींत काय फरक?

साहेबांनी खाली मान घालून होकार लिहिला आणि सही केली. सोमवारपासून भिंगरीच्या वर्गात मदतनीस ताई आली. पुढे वर्गाच्या बाई काही कामासाठी खिडकीशी आल्या होत्या, तेव्हा शिपाईमामांना सांगताना मी ऐकलं. आता घंटेआधी ताई भिंगरीला दोन बोटं दाखवते, म्हणजे दोन मिनिटं उरली. भिंगरी कान झाकून तयार राहते आणि घंटा झाली तरी जागेवर असते. तिच्या बाकावरची मैत्रीणही आता न सांगता दोन बोटं दाखवायला शिकली आहे.

इथे गोष्ट गोड झाली असं समजू नका. होकार एकाच वर्षाचा आहे. कागद हातात देताना सुसाटरावाने आईला बजावलं, “पुढच्या वर्षी नव्याने अर्ज करायचा हं, ताई. सगळे दाखले लागतील.” आईने विचारलं, “तोवर हिची स्वमग्नता उतरेल, असं वाटतंय का तुम्हाला?” त्याने नियमाकडे बोट दाखवलं. आणि ज्या आयांना एवढं बोलता आलं नाही, ज्या पहिल्या ठशालाच मुकाट्याने घरी गेल्या, त्यांची मुलं कुठे आहेत? माझे कितीतरी ठसे आजही घराघरांतल्या पिशव्यांमध्ये पडून आहेत.

मित्रांनो, तुमच्या वर्गात कुणी कान झाकून बसत असेल, कुणी मधेच उठून गोल फिरत असेल, तर हसू नका. काय लागतंय, काय खुपतंय, ते विचारा. उत्तर शब्दांत आलं नाही तर थोडं थांबा, जवळ राहा. आणि मोठेपणी तुमच्यापैकी कुणी अशाच खिडकीमागे बसेल. तेव्हा माझी एवढी विनंती ध्यानात ठेवा. मला नाही पुसलंत तरी चालेल, अडगळीत टाकलंत तरी चालेल. पण समोरचा कागद वाचल्याशिवाय माझ्यासारख्याला हात लावू नका.

आता थांबतो. खिडकीशी एक आजोबा आले आहेत. त्यांच्या नातीचा अर्ज टेबलावर ठेवला आहे, चांगला पाच पानांचा. सुसाटराव दुसऱ्या हातातला फोन बघतो आहे आणि मला त्याने शाईत बुडवलं आहे. मला त्याचा हात धरता येत नाही. तुम्हाला येतो.