विझल्यावर खातो

लग्न होऊन या घरात आले आणि पहिली चूक दाराशीच केली.

घरातला प्रत्येक माणूस बंद दार उघडायच्या आधी हाताची मागची बाजू फळीला लावत होता. सासरे यशवंतराव, नवरा खुशाल, सगळेच. मला वाटलं, कुळाचार असेल. मीही उलटा हात दाराला लावला आणि मग भक्तिभावानं कपाळाला. ओट्यावर बसलेल्या आजेसासू जयवंताबाई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

"ते पाया पडनं नोहे, पोरी. दार तपलं का पाहून राह्यले ते."

"दार कशानं तपेल?"

"आगीनं. पल्ल्याड आग असली तं दार आधी सांगते."

"पलीकडं तर न्हाणी आहे."

"इथं न्हाणी आहे. कलकत्त्यात आग होती."

*

१९८९ साल. महाराष्ट्राच्या सीमेपलीकडचं, जैनथजवळचं गाव. मी आदिलाबादच्या क्वार्टरमध्ये वाढलेली, वडील अनंतराव कचेरीत. आमच्या घरी गोष्ट सांगायची असली की कुणीही सांगायचं. इथं तसं नव्हतं. इथं कलकत्त्याची गोष्ट शेतासारखी वाटून घेतलेली होती. ज्याचा तुकडा त्यानंच सांगायचा. दुसऱ्याच्या बांधावरून जायचं नाही.

*

जयवंताबाईंचा तुकडा:

"नागपुरात गिरनीत होते दोघं भाऊ. हे अन् महिपतभावजी. जपानशी लढाई चालू होती. पोयाच्या सणाले घरी आले तं म्हने, कलकत्त्याले चाल्लो. तिथं इमानातून बॉम टाकतात, शहर पेटते, ते विझवाची नौकरी आहे. म्या म्हटलं, घरची चूल पेटवता येत नाई तुमाले, अन् शहर विझवाले चाल्ले? तं म्हने, पेटवता येत नाई म्हनूनच विझवाले चाल्लो. यशवंता पोटात होता. बस. पुढलं माह्या हद्दीत नाई."

*

महिपतआजोबांचा तुकडा सगळ्यात मोठा, आणि ते तो छाती काढून सांगत. लोखंडी टोप, पंपाची गाडी, दोन माणसांना ओढत नेणारा पाण्याचा पाइप. भोंगा वाजला की लोक खाली तळघरात पळत आणि हे दोघं भाऊ वर, रस्त्यावर.

"गोदीवर दिवसाढवळ्या बॉम पडले. कापसाचे गठ्ठे पेटले. आता गठ्ठा कसा असते? लबाड. वरून भिजवा, आत इस्तो तसाच. फोडल्याशिवाय विझत नाई. हे तिथल्या लोकायले कायले ठाव? कापसाच्या मुलखातले आमी दोघंच. आमीच फोडले. जिथं आमी, तिथं इस्तो टिकला नाई, बापा!"

मग एका जागी येऊन ते थांबत.

"मंग भिंत आली," ते म्हणत, आणि चहा मागत.

*

यशवंतरावांचा तुकडा: नाही. बापाला त्यांनी पाहिलेलंच नाही.

"माह्याकडं एवढाच आला," असं म्हणून ते हाताची मागची बाजू दाखवत.

*

आता पितरांची अमावस्या.

आमच्याकडं त्या दिवशी अंगणात गोवऱ्यांचा विस्तव करतात. त्यावर तूप सोडायचं, आणि एकेका पितराचं नाव घेऊन वडा, खीर, कढी-भाताचा घास निखाऱ्यावर ठेवायचा. याला आगारी टाकणं म्हणतात. धूर सरळ वर गेला की पितर जेवले.

जयवंताबाईंचा नवरा डोमाजी, त्याचं नाव मात्र कधीच घेतलं जात नव्हतं. पणज्याचं घेत, लहानपणी गेलेल्या आत्याचं घेत, डोमाजीचं नाही. जयवंताबाईंची मनाई होती. जो माणूस आगीत गेला, त्याचा घास आगीवर ठेवायचा नाही. आणि घास ठेवायची दुसरी रीत कुणाला माहीत नव्हती. म्हणून डोमाजी उपाशी.

त्या वर्षी यशवंतरावांनी आदल्या दिवशीच सांगून टाकलं.

"माय, पोराचं लगन झालं. घरात सून आली. आता मी बापाले जेवू घालनार."

"घाल. पर इस्तवावर नाई."

"मंग कुठं? पत्रावळ टपालानं धाडू का?"

"मले नको सांगू. इस्तवावर नाई म्हनजे नाई."

मी वडे तळत होते. खुशालनं माझ्याकडं पाहिलं. माझ्या वाट्याचं बोलणं अजून या घरात सुरू झालं नव्हतं, म्हणून मी कढई पाहिली.

*

दुपार. विस्तव चांगला फुललेला. पणज्याचा घास गेला. पणजीचा गेला. धूर सरळ.

यशवंतरावांनी द्रोणातून आणखी एक वडा उचलला. म्हणाले, "माह्या बापाले. डोमाजी..."

पाण्याचा तांब्या जयवंताबाईंच्या हातात कधी आला, मी पाहिलं नाही. ओतला तेवढा पाहिला. फस्स झालं. अंगणभर राखेचा पांढरा धूर. अर्धे पितर जेवलेले, अर्धे पानावर ताटकळलेले, आणि वडा यशवंतरावांच्या हातात.

शेजारच्या बयनाबाईंचं डोकं भिंतीवर आलं. "काऊन वो? पितरायले आंघोळ घालून राह्यल्या का?"



"माय," यशवंतराव म्हणाले, "माह्या उमरीत एक घास मागून राह्यलो. बापाले द्याले."

"ज्या आगीनं त्यायले खाल्लं, तिच्याच तोंडात त्यायचं ताट देतं?" जयवंताबाईंचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. "मी मेल्यावर दे. मी पाहाले नसन."

या मरेपर्यंत तो माणूस उपाशी, आणि मेल्यावर त्यांच्या मनाविरुद्ध जेवलेला.

*

खाटेवरून महिपतआजोबा बोलले.

"तुमी मायलेक भांडून राह्यले. पर जेवनाऱ्याले इचारलं का कोनी?"

"तो काय सांगनार, काका?"

"सांगून गेला."

(इथं महिपतआजोबा चहा मागतात, एवढंच आम्हाला माहीत होतं. त्या दिवशी मागितला नाही.)

"गठ्ठे फोडून राह्यलो होतो. सकायपासून पोटात काई नाई. कोन्या बायायनं पुऱ्या धाडल्या. मी दादाचा वाटा घेऊन गेलो. म्हटलं, खाऊन घे. त्यानं वयूनबी पाह्यलं नाई. म्हने, ठेव. विझल्यावर खातो. मी फिरलो अन् भिंत आली त्याच्या आंगावर."

अंगणात ओल्या गोवऱ्या चुरचुरत होत्या.

"पुऱ्या माह्याच हातात. टोपात घालून ठेवल्या. रडलो नाई, इस्तो चालू होता. विझवला. दिवस लागले. राख थंडी झाली, हात लावून पाह्यला. मंग जिथं भिंत होती तिथं पुऱ्या ठेवल्या. म्हटलं, दादा, विझला. खा."

"जेवले?" जयवंताबाईंनी विचारलं.

"म्या पाह्यलं नाई, वैनी. जेवनाऱ्याच्या तोंडाकडं पाहू नाई."

"इतके वर्स बोलले काऊन नाई, भावजी?"

"तुमी नाव काढू देत नवत्या. तुमच्या बांधावरून कसा जाऊ?"

जयवंताबाई रिकाम्या तांब्याकडं पाहत बसल्या. मग कमरेवर हात देऊन उठल्या.

"वनमाला," त्या म्हणाल्या. या घरात आजवर मी 'पोरी' होते. "कोरड्या गोवऱ्या आन. राह्यलेल्या पितरायले जेवू घालू. हे शेवटी जेवतीन."

*

पुन्हा विस्तव. पुन्हा तूप. आत्या जेवली, सगळे जेवले.

मग तो विस्तव विझवायला विहिरीपासून अंगणापर्यंत रांग. महिपतआजोबांनी उभी केली, टोप नसताना टोप घातल्यासारखे. "पाय फाकवून उभी राह्य, सूनबाई. बादलीकडं पाहाचं नाई, पुढच्याच्या हाताकडं पाहाचं!" विहिरीवर ते, मग खुशाल, मग मी, माझ्यापुढं यशवंतराव, शेवटी जयवंताबाई. एक बादली पुरली असती. आम्ही विहीर उपसल्यासारख्या दिल्या. माझं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं. बयनाबाई भिंतीवरूनच ओरडल्या, "मीबी येऊ का?" आणि आल्या.

"बस!" महिपतआजोबा म्हणाले. "आत पाहा. गठ्ठा लबाड असते."

यशवंतरावांनी काठीनं गोवऱ्या फोडल्या. आत एक लाल डोळा होता. त्याच्यावर पाणी. मग त्यांनी हात उलटा करून राखेला लावला. बराच वेळ ठेवला.

"थंडी हाय, माय."

जयवंताबाईंनीही उलटा हात लावून खात्री केली. मग पत्रावळ घेतली. वडे, खीर, भात, कढी. ओल्या राखेवर ठेवली आणि कडा सारख्या केल्या.

"विझला," त्या म्हणाल्या. "लई उशीर केला. जेवा आता."

आम्ही सगळ्यांनी तोंडं फिरवली आणि विहिरीकडं पाहत उभे राहिलो.

*

हा तुकडा आता यशवंतरावांचा आहे. मी सांगितला तो त्यांना विचारून.