नारळी पौर्णिमेचा आलेख

मशीन अडकलं की मला एका जागी बसवत नाही. त्या दिवशी सकाळपासून कोलशेतच्या आमच्या कारखान्याच्या गेटवर ट्रकवाले हॉर्न बडवत होते, कारण गेटपास काढणारा आमचा मेनफ्रेम, म्हणजे कपाटाएवढा कॉम्प्युटर, हलत नव्हता. हलणार कसा? अकराच्या चहाआधी प्रत्येक खातेप्रमुखाला अख्ख्या वर्षाच्या स्टॉकचा रिपोर्ट हवा. आणि वाचत कोणी नाही हो!

मॅनेजरसाहेब म्हणाले, "त्र्यंबक, तुम्ही कॉम्प्युटरचे विभागप्रमुख ना? बसवून टाका दुसरा प्रोसेसर."

"साहेब, मशीन मोठं झालं की सॉफ्टवेअरवाले भाडंही मोठ्या मशीनचं लावतात. प्रोग्राम तेच, काम तेच, भाडं दुप्पट."

"मग दुसरी शिफ्ट बंद करून ते भाडं भागवू. आधी कॉम्प्युटर कंपनीचा माणूस एक दिवस मशीनवरचा लोड मोजू दे."

दुसरी शिफ्ट म्हणजे सगुणा. कोलशेतच्या कोळीवाड्यातली, कंत्राटी ऑपरेटर. नवरा अंथरुणाला खिळलेला, घरात कमावती तीच. माझं डोकंच फिरलं. मानपाड्याला घरी गेलो तरी येरझाऱ्या थांबेनात. बायको वैतागली, "अहो, बसा की एका जागी!"

मग सुचलं. मोजणारा दिल्लीहून येणार होता. त्याला मी तारीख दिली नारळी पौर्णिमेची. त्याला काय कळतंय? त्या दिवशी स्टोअर आणि डिस्पॅचची निम्मी माणसं खाडीवर नारळ वाहायला. ना ट्रक, ना गेटपास, ना रिपोर्ट. मशीन दिवसभर जांभया देत होतं. लोडचा आलेख इतका खाली आला, की नवा प्रोसेसर लागणार नाही असं त्याने लिहूनच दिलं. जिंकलास रे त्र्यंबका, म्हटलं!

दुसऱ्या दिवशी दुपारी सगुणा डबा घेऊन आली. "सर, नारलीभात आनलाय. तुम्ही मना वाचवलंत."

पहिला घास घेतला, तोच साहेबांचा फोन. "वा! मशीन एवढं रिकामं असतं? मग दुसरी शिफ्ट हवी कशाला? दिवसाच उरका सगळं."

करायला गेलो गणपती, झाला मारुती! सगुणा विचारतेय, "सर, काय झालं?" काय सांगू, कपाळ? डबा तसाच टाकून साहेबांच्या केबिनमध्ये धडकलो.

"साहेब, तो आलेख खोटा आहे. सणाचा दिवस मी मुद्दाम निवडला."

साहेब उठून उभे राहिले. "लाज नाही वाटत?"

"वाटते. पण ऐका. गर्दी फक्त सकाळची, त्या रिपोर्टांची. ते आदल्या संध्याकाळी काढले तर हेच मशीन पुरतं, भाडंही वाढत नाही. मात्र ते काढायला दुसरी शिफ्ट लागणार."

"खातेप्रमुख शिळे रिपोर्ट घेतील?"

"ताजे तरी कुठे वाचतात?"

एवढ्या रागातही साहेबांना हसू फुटलं. मग ते थंडपणे म्हणाले, "ठीक आहे. शिफ्ट राहील. पण विभागप्रमुख दुसरा येईल. तुम्ही आजपासून संध्याकाळी, सगुणाबाईंच्या हाताखाली."

परत आलो. सगुणा अजून डब्यापाशीच उभी होती. सगळं सांगून टाकलं. मी पुन्हा येरझाऱ्या घालायला लागलो.

तिने खुर्ची ओढली, डबा माझ्यापुढे सरकवला.

"बसा आता. आधी जेवा, मंग रिपोर्ट लावा."

मी बसलो.