तुळयांची टोकं

१९९७ साली भगवान तायडे मस्कतमधल्या एका कन्सल्टन्सीत स्ट्रक्चरल इंजिनियर होता. त्याचा साहेब पुण्याचा लोकेश आगाशे. पहिल्याच दिवशी आडनाव ऐकून आगाशेनं विचारलं होतं, "म्हणजे कोट्यातले का तुम्ही?" तेव्हापासून दोघांत कामापुरतंच बोलणं.

त्या वर्षी ऑफिसला इटलीचं काम मिळालं. तिथल्या एका शहरातला चारशे वर्षांचा महाल नगरपालिकेनं घेतला होता. खाली लग्न नोंदणीचं दालन, वर म्युझियम. नकाशे तिकडच्या आर्किटेक्टचे, मजबुतीची तपासणी मस्कतला. फोटो बघताना भगवानला दिसलं की वरच्या मजल्याखालच्या लाकडी तुळया भिंतीत शिरतात तिथे काळ्या पडल्यात. नेमके त्यांच्यावरच संगमरवरी पुतळे उभे राहणार होते.

"सर, टोकं कुजली असणार. आधी तपासायला सांगू या."

"चारशे वर्षं उभा आहे तो महाल. त्याला तू शिकवणार? सही कर, यल्ला, आटप लवकर."

"तपासल्याशिवाय सही करणार नाही."

"मग उद्यापासून सहम गावच्या साइटवर जा. गोदामं बांधायचीत. तिथे पुरेल तुझी अक्कल."

भगवाननं जागेवर येऊन तिकडच्या आर्किटेक्टला 'तुळयांची टोकं तपासा' असा फॅक्स लावला, खाली स्वतःचं नाव लिहिलं. घरी बायको सुलोचना घाबरली.

"अहो, आपला व्हिसा साहेबांच्याच हातात आहे ना?"

"आहे. पण त्या मजल्याखाली माणसं लग्नाला बसणार आहेत."

तीन आठवड्यांनी सहमच्या साइटवर आगाशेचा फोन आला.

"पाच तुळया पोकळ निघाल्या. पण मला डावलून फॅक्स केलास! नोकरी घालवीन तुझी."

"घालवा."

मग आगाशे म्हणाला, "आधाराचं डिझाइन हवंय. तो इटालियन म्हणतो, ज्यानं ओळखलं त्यानंच करावं."

"लेखी मागा. माझं पूर्ण नाव घालून."

आगाशेनं रिसीव्हर आपटला.

चौथ्या दिवशी आगाशेचा फॅक्स आला. नाव बरोबर होतं, 'कृपया' नव्हतं. भगवाननं पत्र्याच्या केबिनमध्ये बसून दहा दिवसांत डिझाइन पुरं केलं आणि नकाशावर ठळक सही केली.

२००० साली म्युझियम उघडलं. उद्घाटनाचं निमंत्रण दोघांच्याही नावानं आलं. भगवाननं रजेचा अर्ज दिला. आगाशेनं तो नामंजूर केला आणि एकटाच इटलीला गेला.