अकरा इंची ड्रम

सुधीर प्रधानने जीपला लष्करी ट्रकचे मोठे टायर चढवले, त्याच दिवशी सिल्वेस्टर परेराने त्याला बजावलं होतं.

"सुध्या, टायर बदललास, आता ब्रेकपण बदलायला हवेत."

"का? ब्रेक तर चांगलेत की."

"लहान चाकाला चांगलेत. फिरतं जातं मधल्या खुंट्याजवळ धरून थांबवून बघ, आणि मग कडेला धरून बघ. घेर वाढला की आतल्या ब्रेकला जास्त जोर लागतो. आणि हे टायर वजनालाही भारी."

सुधीर हसला, पण त्याने ऐकलं. सिल्वेस्टरचं तो नेहमीच ऐकायचा. लढाईच्या काळात कल्याणच्या लष्करी वर्कशॉपात शेजारी शेजारी उभं राहून दोघं काम शिकले. लढाई संपली, नोकऱ्या गेल्या, तेव्हा सुधीरच बाळकुमला सिल्वेस्टरच्या घरी येऊन म्हणाला होता, "आपण दोघं मिळून काहीतरी काढू." ठाण्यात खोपटला भागीत गॅरेज निघालं. लष्कराच्या लिलावातून ही जीपही घेतली. सिल्वेस्टर गॅरेज सांभाळी आणि सुधीर खडवलीपलीकडच्या रानातून कोळसा वाहून आणी. तिकडच्या वाटांवर जीप सारखी रुतायची, म्हणून हे टायर.

सिल्वेस्टरने तीन आठवडे खटपट केली. चाकाच्या आत ब्रेक ज्यावर आवळतो, ते मूळ ड्रम होते नऊ इंची. मुंबईला एका मोडक्या मोठ्या गाडीचे अकरा इंची ड्रम त्याला मिळाले. ते जीपला थेट बसेनात, तेव्हा त्याने स्वतः पट्ट्या कापून, कानसून त्यांना आधार केले. मग दोघं मुंब्र्याच्या उतारावर गेले. नुसते मोठे टायर असताना याच जागी गाडी थांबायला चाळीस पावलं लागली होती. आता अठरा पावलांत थांबली. सुधीरने गाडीतून उडी मारून त्याला मिठीच मारली.

"सिल्व्या, हात आहेत की जादू रे तुझे!"

त्या हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात गाडी सुरळीत चालली. मग मे महिन्यात भातसा नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर, मागे कोळशाने भरलेली ट्रॉली असताना, ती थांबली नाही. खडकावर आदळून कलंडली. सुधीरला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. बाजूला बसलेला खडवलीचा हमाल आनंदा मात्र गाडीखाली सापडला आणि त्याचा डावा पाय घोट्यापासून गेला.

दुसऱ्या दिवशी सुधीर गॅरेजात आला, स्टुलावर बसला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "पूर्ण दाबला मी. तुझे ब्रेक लागलेच नाहीत, सिल्व्या."

सिल्वेस्टरच्या हातातला पाना हातातच राहिला.

त्यानंतर दोन महिने त्याने एकच केलं, मनातल्या मनात ते ड्रम पुन्हा पुन्हा खोलले आणि पुन्हा पुन्हा बसवले. कुठला नट सैल राहिला? पट्टी तुटली का? पाइपात हवा राहिली का? जेवताना घास हातात धरून तो बसून राही, आणि त्याची बायको डोरोथी त्याला हलवून म्हणे, "अवो, जेवा ना." त्याने फादरांकडे जाऊन कबुली दिली. फादरांनी विचारलं, "मुद्दाम केलंस का?" तो नाही म्हणाला. "मग एवढं मनाला लावून घेऊ नकोस," ते म्हणाले. पण तसं होईना. दर रविवारी मिस्सा आटोपली की तो अंडी आणि सुके बोंबील घेऊन खडवलीला जाई, आनंदाच्या ओट्यावर बसे, त्याला काठीचा आधार देऊन अंगणात दोन फेऱ्या चालवून आणी. आनंदा फारसा बोलत नसे. त्याचा आपल्यावर राग असणारच, असं सिल्वेस्टर धरून चालला होता.

जीप सुधीरने कल्याणला त्याच्या ओळखीच्या त्र्यंबकशेठच्या लाकडाच्या वखारीत नेऊन टाकली होती. "तिकडे जाऊ नकोस," सुधीरने त्याला दोनदा सांगितलं. "उगाच जिवाला त्रास करून घेशील. भंगारात देऊन टाकू." सुधीर आपल्याला एवढं जपतो, या विचाराने सिल्वेस्टरला भरून आलं होतं.

जुलैत एक गिऱ्हाईक आलं. त्यालाही गाडीला मोठे टायर चढवायचे होते. "ब्रेकचं तुम्हीच बघा, मिस्त्री," तो म्हणाला. पण आपलं काय चुकलं हे कळल्याशिवाय सिल्वेस्टरने दुसऱ्याच्या गाडीला हात कसा लावायचा? त्याच दुपारी पिशवीत पाने टाकून तो कल्याणला गेला.

वखारीचा राखणदार नाथा त्याला ओळखत होता. त्याने बोट दाखवलं. जीपच्या चाकांत चिखल वाळून दगड झाला होता. सिल्वेस्टरने पुढचं चाक काढलं, चिखल खरवडला आणि तसाच उकिडवा बसून राहिला. ड्रम लहान होता. त्याने मोजपट्टी लावून मोजला. नऊ इंच. दुसरं चाक काढलं. तिथेही नऊ.

"नाथा, ही गाडी कुणी खोललेली?"

"इकडे आल्यावर तर कुणी हात नाय लावला."

तेवढ्यात फाटकातून दुसरी जीप आत आली. तीही लिलावातली, तिलाही तसेच मोठे टायर. "ही कुणाची?"

"शेठची नि सुधीरशेठची. भागीत घेतलीय ना, मे महिन्यापासनं चालू हाय." नाथा त्याच्याकडे बघून चपापला. "तुम्हाला ठाऊक नाय?"

सिल्वेस्टर ओल्या जमिनीवर पाठ टेकून त्या गाडीखाली सरकला. वर त्याच्या अकरा इंची ड्रमांना त्यानेच कानसलेल्या पट्ट्या धरून होत्या. सगळे नट घट्ट होते.

संध्याकाळी सुधीर गॅरेजात एकटाच होता. सिल्वेस्टरने चिखलाने भरलेला नऊ इंची ड्रम त्याच्यापुढे ठेवला. सुधीरचा चेहरा उतरला.

"दोन दिवसांसाठी काढलेले रे," तो म्हणाला. "त्र्यंबकशेठला ती दुसरी गाडी पसंत पडायला हवी होती. तसे ड्रम दुसरीकडे मिळत नव्हते. मी परत लावणारच होतो."

"मला का नाही सांगितलंस?"

"नवी भागी करतोय हे कळलं असतं तुला."

सिल्वेस्टर म्हणाला, "ड्रम नेलेस, नेलेस. भागी केलीस, तीपण केलीस. पण दोन महिने मी तुझ्यासमोर झुरत होतो, सुध्या. तू रोज बघत होतास. एकदाही तुला वाटलं नाही सांगावंसं?"

"मला वाटलं, विसरशील हळूहळू."

"उद्या माझ्याबरोबर खडवलीला चल. आनंदाला सांग, त्या दिवशी गाडीला माझे ब्रेक नव्हतेच."

"येतो," सुधीर म्हणाला. "देवाशपथ येतो."

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. सिल्वेस्टर ठाण्याच्या फलाटावर दोन गाड्या सोडून थांबला आणि तिसऱ्या गाडीने एकटाच गेला.

आनंदा ओट्यावर दोरी वळत बसला होता. सिल्वेस्टरने त्याला सगळं सांगितलं, कुठले ड्रम, कधी काढले, कुठे लावले. सांगताना मनात खोल कुठेतरी वाटत होतं, की आता हा माणूस आपल्याकडे नीट बघेल.

आनंदाने मान वर केली नाही. "मला ठाऊक हाय, भाऊ," तो म्हणाला. "ते काढले तवा जॅक मीच धरलेला."

सिल्वेस्टरला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"सुधीरशेठ बोलले, पाय बरा झाला की वखारीत राखणदाराचं काम देतो, बसून करायचं. फकस्त तोंड उघडू नको. पाय नसलेल्याला दुसरं काम कोण देणार?"

"मी दर आयतवारी येत होतो, आनंदा."

"येत होता." आनंदाची बोटं दोरीवर थांबली. "तुम्ही आला की मला बसवत नसे. वाटायचं, येऊ नये यांनी. नि नाय आला तर दिवस जात नसे." मग त्याने हळूच विचारलं, "आता येणार नाय तुम्ही?"

सिल्वेस्टरला राग काढायचा होता, पण त्याची नजर त्या काठीवर गेली. "बघू," एवढंच म्हणून तो उठला. स्टेशनाकडे जाताना भातखाचरांच्या बांधावर तो मधेच थांबला आणि एकट्यानेच रडला. सुधीरसमोर त्याला रडू आलं नव्हतं.

ऑगस्टात त्याने खोपटचं गॅरेज सोडलं आणि बाळकुमला घरामागे पत्रे घालून काम सुरू केलं. सुधीरने दोनदा निरोप धाडला, एकदा तर डोरोथीच्या भावामार्फत. त्याने उत्तर दिलं नाही. खोपटला लोक अजून म्हणतात, परेराच्या ब्रेकने एकाचा पाय घेतला. ते त्याच्या कानावर येतं. मोठ्या टायरची गाडी घेऊन कुणी आलं तर तो त्यांना आतले ड्रम बदलायला लावतो आणि काम चोख करतो. पण गाडी ताब्यात देताना तो आता कुणाशीही हसून बोलत नाही. आणि खडवलीला तो पुन्हा कधी गेला नाही.