रामनाथने पाहिलेला पन्हाळा

रामनाथ गाडीवरून घरी आला की वसुंधरा चहा टाकायच्या आधी विचारायची, "काय पाहिलं?" एसटीत ड्रायव्हर असलेल्या नवऱ्याला दुसऱ्या एखाद्या बायकोने पगाराचं विचारलं असतं. वसुंधराला गावं हवी असायची. आणि रामनाथ सांगायचा तरी कसा! पन्हाळ्यावर धुकं असं उतरतं, की शेजारच्या माणसाचा नुसता आवाज येतो, चेहरा दिसत नाही. आंबोलीच्या कड्यावर वारा इतका द्वाड, की दरीत पडणारं पाणी उलटं अंगावर येतं. भंडारदऱ्याला पावसाळ्याच्या तोंडाशी झाडं काजव्यांनी लखलखतात. ऐकता ऐकता तिच्या हातातली भाजी निवडायची राहून जायची.

तिचा स्वतःचा महाराष्ट्र विरारच्या जीवदानी देवीच्या पायऱ्यांवर सुरू व्हायचा आणि वसईच्या किल्ल्यात संपायचा. वसईजवळच्या पापडीतलं घर, मागची वाडी, आजारी सासू आणि मुलगा, यांतून तिला सोडणार कोण? "रिटायर झालो की तुला सगळं दाखवतो," असं रामनाथने कबूल केलं होतं. त्या एका वाक्यावर तिने उभा संसार रेटला.

रिटायर होऊनही आता दोन पावसाळे झाले होते. दाखवणं राहिलं बाजूला, साहेब खुर्चीतून हलायलाच तयार नव्हते. आधी गुडघा दुखत होता, मग ऊन होतं, मग गर्दी. शेवटी मुलाने, कौस्तुभने, पन्हाळ्याच्या हॉटेलात खोलीच बघून ठेवली, तर रामनाथ म्हणाला, "पन्हाळ्यात काय ठेवलंय? पाह्यलाय मी."

"मी नाही पाहिला," वसुंधरा म्हणाली.

त्याने पेपरात डोकं घातलं.

तिला ते फार लागलं. एवढं सगळं एकट्याने पाहून झालं, आता बायकोला बरोबर न्यायचा कंटाळा येतो, असंच तिने धरलं. तिने त्याच्याशी बोलणंच टाकलं. घरात नुसता भांड्यांचा आवाज. अखेर रविवारी रामनाथच म्हणाला, "चल, भुईगावला समुद्रावर जाऊन येऊ." रडणाऱ्या पोराच्या हातावर लिमलेटची गोळी ठेवावी तसला हा प्रकार. तरी ती गेली. राग नवऱ्यावर होता, समुद्राने तिचं काय वाकडं केलं होतं?

किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली प्लासिड शेंगदाणे खात बसला होता. नोकरीतली बहुतेक वर्षं तो रामनाथच्या गाडीवर कंडक्टर होता. त्याला पाहताच रामनाथने तोंड फिरवलं. पण जन्मभर बिनतिकीट माणसं हुडकणाऱ्याच्या नजरेतून सुटणार कसा? "ए रामनाथ! वहिनी, या, बसा."

वसुंधराला बोलायला माणूस मिळालं. "प्लासिडभाऊ, तुम्हीच सांगा. तुम्ही दोघं सगळीकडे बरोबर होतात. यांनी असं काय काय पाहून ठेवलंय, की आता माझ्याबरोबर जाववत नाही?"

"पाहून?" प्लासिडला ठसकाच लागला. "वहिनी, आम्ही पाह्यला कोल्हापूरचा स्टँड. सावंतवाडीचा स्टँड. नाशिकचा स्टँड. रात्री गाडी लावायची, हा मागच्या लांब सीटवर आडवा, मी पुढं. उजाडलं की परत वसई. पन्हाळा मी फक्त पाटीवर वाचलाय."

"आणि ते धुकं? काजवे?"

"ते परत येनारे पॅसेंजर मोठमोठ्यानं सांगायचे. मी मधे बोललो तर हा ओरडायचा, प्लासिड, गप बस, ऐकू दे!"

रामनाथ खाली मान घालून वाळूत बोट फिरवत होता. "तू रोज विचारायचीस," तो हळूच म्हणाला. "स्टँड पाह्यला, असं काय सांगायचं? एकदा धुक्याचं सांगितलं तर तुझा चेहरा असा फुलला, मग मला थांबवेना. आता तिथं गेल्यावर तू म्हनशील, दाखवा. मी काय दाखवू?"

खरं तर वसुंधराने संतापायला हवं होतं. ज्या माणसाचा हेवा करत तिने उमेदीची वर्षं घालवली, तो माणूस स्टँडवर डास मारत झोपत होता. चांगलं फैलावर घ्यावं म्हणून तिने तोंड उघडलं. पण बाहेर पडलं ते वेगळंच.

"म्हणजे माझ्यावाचून तुम्ही काहीच पाहिलं नाहीत?"

"काहीच नाय गं."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि त्याच वेळी हसूही आवरेना. प्लासिड बापडा गांगरून शेंगदाण्यांची पुडी पुढे करत राहिला. तिने फोन काढला. "कौस्तुभ, ती पन्हाळ्याची खोली घेऊन टाक. नाही, बाबांना विचारायचं काही नाही."

"अगं, पन तिथं उतरल्यावर जायचं कुठं, ते मला खरंच..."

"मलाही नाही ठाऊक," वसुंधरा म्हणाली, आणि प्लासिडसमोरच तिने नवऱ्याचा हात धरला. "लोकांना विचारू."